हिरव्या मिरचीची घरगुती हाताळणी : निवडणे, चिरणे व भरून वाळविणे

मिरचीची लागवड, खते, पाणी आणि कीडरोग यांविषयीची माहिती शेतकऱ्यापर्यंत निरनिराळ्या मार्गांनी पोचत असते. परंतु तोडलेली मिरची घरात आल्यावर ती कशी निवडावी, कशी चिरावी आणि कशी टिकवावी, याचा विचार क्वचितच होतो. हे काम इतके नित्याचे आहे की त्यात शिकण्यासारखे काही असेल असे कोणास वाटत नाही. वस्तुतः याच कामामुळे घरातील स्त्रियांच्या हातांची रात्रभर आग होते, लहान मुलांच्या डोळ्यांत तिखट जाते, भाजी न खाण्याइतकी तिखट होऊन वाया जाते आणि बाजारभाव उतरला म्हणजे चांगली मिरची उकिरड्यावर पडते. या चारही गोष्टी बऱ्याच अंशी टाळता येण्यासारख्या आहेत. त्यासाठी मिरचीतील तिखटपणा फळात नेमका कोठे असतो आणि तो कशात विरघळतो, एवढे समजून घेतले पाहिजे. पुढील सर्व सूचना या दोन गोष्टींवरच आधारलेल्या आहेत.

मिरचीच्या पोटात काय असते

मिरची ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती होय. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या द्वारे ती भारतात आली. तत्पूर्वी आपल्याकडे तिखटासाठी मिरी, पिंपळी व आले यांचा उपयोग होत असे. आज मिरचीवाचून महाराष्ट्रातील स्वयंपाकाची कल्पनाही करवत नाही.

मिरची उभी चिरून पाहिली असता तिचे चार भाग स्पष्ट दिसतात. बाहेरची साल, देठाखाली असलेला पांढरट गाभा, त्या गाभ्यापासून सालीच्या आतील बाजूने खाली उतरलेल्या पांढऱ्या शिरा आणि गाभ्यास चिकटलेल्या बिया. तिखटपणा बियांत असतो अशी सर्वत्र समजूत आहे. ती बरोबर नाही. तिखटपणा आणणारे कॅप्सेसिन नावाचे द्रव्य पांढऱ्या गाभ्यात व शिरांत तयार होते. बिया गाभ्यास टेकलेल्या असल्यामुळे त्यांच्या अंगास ते द्रव्य लागते, म्हणून त्या तिखट लागतात. सालीत हे द्रव्य फारच थोडे असते. देठाकडील भागात गाभा मोठा असल्याने तो भाग अधिक तिखट, तर टोकाकडील भाग सर्वांत सौम्य असतो. ढोबळी मिरची ही आपल्या नेहमीच्या मिरचीचीच जातभाई आहे; परंतु तिच्या गाभ्यात कॅप्सेसिन तयार होत नाही, म्हणून ती तिखट लागत नाही.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. तिखटपणा कमी करावयाचा असेल तर नुसत्या बिया झटकून उपयोग होत नाही. पांढरा गाभा व शिराही काढल्या पाहिजेत. उलट, गाभा व शिरा काढून टाकल्यावर बिया थोड्याबहुत राहिल्या तरी फारसे बिघडत नाही.

एकाच झाडावरील दोन मिरच्या सारख्या तिखट असतीलच असे नाही. फळाचे वय, हवेतील उष्णता आणि झाडास पडलेला पाण्याचा ताण यांप्रमाणे तिखटपणात फरक पडतो. म्हणून भाजीत किती मिरच्या घालाव्यात हे नुसत्या संख्येवर ठरवू नये. प्रत्येक ताज्या तोड्यातील एका मिरचीचे टोक कापून जिभेस लावून पाहावे आणि मग प्रमाण ठरवावे. टोकच सौम्य असल्यामुळे तेवढ्याने जीभ भाजत नाही. परंतु टोकही झोंबले तर तो माल चांगलाच तिखट आहे असे समजावे.

तिखट लागते म्हणजे काय होते

आपल्या कातडीत, जिभेत व डोळ्यांत उष्णतेची जाणीव करून देणारे मज्जातंतू असतात. कॅप्सेसिन त्या तंतूंवरील उष्णता ओळखणाऱ्या घटकास चेतविते. त्यामुळे प्रत्यक्ष चटका बसला नसतानाही भाजल्यासारखी आग होते. हा घटक डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली शोधून काढला. उष्णता व स्पर्श यांच्या जाणिवेसंबंधीच्या संशोधनाबद्दल त्यास २०२१ सालचे नोबेल पारितोषिक आणखी एका शास्त्रज्ञासमवेत मिळाले. पक्ष्यांतील हा घटक कॅप्सेसिनला दाद देत नाही. म्हणूनच माणसाला असह्य होणाऱ्या मिरच्या पोपट व इतर पक्षी खुशाल खातात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते तेलातुपात व मद्यार्कात विरघळते. तिखट लागल्यावर कितीही पाणी प्याले तरी आग शमत नाही, याचे कारण हेच. दूध, दही अथवा ताक घेतल्यास आराम वाटतो. कारण दुधातील प्रथिने व स्निग्धांश ते द्रव्य धरून जिभेवरून दूर नेतात. हाताची आग पाण्याने धुऊनही का थांबत नाही, याचाही उलगडा यावरून होतो.

तोडणी व निवड

घरच्या उपयोगाची मिरची चिरण्याची तयारी शेतातच सुरू होते. पिकावर औषध फवारले असेल तर त्या औषधाच्या वेष्टनावर दिलेला प्रतीक्षा काळ संपल्याशिवाय मिरची तोडू नये, मग ती बाजारासाठी असो की घरासाठी. मिरचीचे तोडे थोड्याथोड्या दिवसांनी होत असल्यामुळे फवारणी व तोडणी यांची गाठ पडण्याचा धोका या पिकात विशेष असतो. फवारणीची तारीख भिंतीवर किंवा वहीत लिहून ठेवण्याची सवय यासाठी फार उपयोगी पडते. धुण्याने वरवरचा अंश निघतो, परंतु सालीच्या आत गेलेले औषध निघत नाही, हे ध्यानात ठेवावे.

तोडणी सकाळी, दव वाळल्यानंतर व ऊन चढण्यापूर्वी करावी. मिरची देठासह तोडावी. देठ ओरबाडला गेला तर त्या जखमेतून कुज शिरते. तोडलेली मिरची ढिगात न ठेवता सावलीत पातळ पसरून ठेवावी. मऊ पडलेल्या, छिद्रे असलेल्या व काळे अगर पाणीदार डाग पडलेल्या मिरच्या लगेच वेगळ्या काढाव्यात. एक सडकी मिरची सभोवतालच्या मिरच्या नासविते. छिद्र असलेली मिरची उघडून पाहावी. आत अळी, विष्ठा किंवा बुरशी दिसल्यास ती सबंध टाकून द्यावी; चांगला वाटणारा भाग कापून घेऊ नये.

कोणती मिरची कशास योग्य, हेही पाहिले पाहिजे. लवंगीसारखी लहान व झणझणीत मिरची ठेच्यास आणि फोडणीस चांगली. पुसा ज्वाला ही नवी दिल्ली येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेने प्रसारित केलेली जात लांब, बारीक, फिक्या हिरव्या रंगाची व सुरकुतलेली असते. ती चिरून भाजीत घालण्यास सोयीची आहे. मात्र आत जागा थोडी असल्याने ती भरण्यास कष्टाची पडते. भरण्यासाठी सरळ, जाड सालीची, बेताच्या तिखटपणाची व बोटभर लांबीची मिरची निवडावी.

धुणे व पुसणे

मिरची नेहमी चिरण्यापूर्वी धुवावी, चिरल्यानंतर धुऊ नये. चिरलेली मिरची धुतल्यास तिच्यातील क जीवनसत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. तिखटपणा मात्र जातो तितका थोडाच. देठ ठेवूनच मिरच्या दोन-तीन पाण्यांतून चोळून धुवाव्यात. देठ आधी काढला तर धुण्याचे पाणी फळाच्या पोकळीत शिरते.

धुतल्यावर मिरच्या कोरड्या फडक्याने पुसून घ्याव्यात. ओली मिरची सुरीखाली घसरते, तेलात टाकताच तडतडून अंगावर उडते आणि ठेवली तर लवकर कुजते. ज्या घरी शीतकपाट आहे तेथे मिरच्या पूर्ण कोरड्या करून कागदात किंवा कापडी पिशवीत गुंडाळून भाजीच्या कप्प्यात ठेवाव्यात. फार थंड जागी, म्हणजे सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली अधिक दिवस राहिल्यास मिरचीवर खड्डे पडून ती खराब होऊ लागते. शीतकपाट नसेल तर मिरच्या हवेशीर टोपलीत, सावलीच्या थंड जागी पातळ पसराव्यात आणि रोज एकदा निवडाव्यात.

हातांची व डोळ्यांची काळजी

दोन-चार मिरच्या चिरण्याने त्रास होत नाही. परंतु लग्नकार्य, वाळवण किंवा गटाच्या कामासाठी किलोंनी मिरची चिरणाऱ्या स्त्रीच्या बोटांची आग रात्रभर थांबत नाही. लाल मिरचीची देठे खुडणाऱ्या मजूर स्त्रियांस हा त्रास दिवसेंदिवस सोसावा लागतो, आणि भुकटीमुळे खोकला व शिंका होतात तो भाग निराळाच. हे सोसणे अपरिहार्य आहे असे समजण्याचे कारण नाही.

काम मोठे असेल तर रबरी हातमोजे वापरावेत. ते नसल्यास स्वच्छ प्लॅस्टिकची लहान पिशवी डाव्या हातावर चढवून मनगटाशी सैल बांधावी. गाभ्यास स्पर्श मुख्यतः त्याच हाताचा होतो. तेही शक्य नसेल तर कामास बसण्यापूर्वी बोटांस व नखांच्या कडांस खाण्याचे तेल पातळ चोळावे. मात्र सुरीची मूठ धरणारा तळवा कोरडा ठेवावा, नाहीतर सुरी निसटेल. हातावर चीर, भेग किंवा जखम असलेल्या व्यक्तीने हे काम करू नये. विळीवर चिरताना दोन्ही हातांच्या बोटांना मिरचीचा रस लागतो; म्हणून मोठ्या कामास फळी व सुरी किंवा कात्री अधिक सोयीची.

काम झाल्यावर हात एकदम पाण्यात घालू नयेत. प्रथम थोडे तेल हातास चोळून ते कागदाने किंवा जुन्या फडक्याने पुसून काढावे. असे दोन वेळा करून मग साबणाने धुवावे. नखांच्या खालचा भाग विसरू नये. गरम पाणी वापरू नये, त्याने आग वाढते. आग राहिलीच तर हात थंड दुधात किंवा ताकात काही वेळ बुडवून ठेवावा. सुरी, फळी व विळी हीही साबणाने धुवावीत. नाहीतर त्याच फळीवर कापलेले फळ मुलाच्या तोंडास झोंबते.

अंगावर पाजणाऱ्या मातेने मिरचीचे काम केल्यावर वरीलप्रमाणे हात स्वच्छ केल्यावाचून मुलास घेऊ नये. डोळ्यात तिखट गेल्यास डोळा चोळू नये. स्वच्छ, गार पाण्याची बारीक धार धरून दहा-पंधरा मिनिटे डोळा धूत राहावे. तेल अथवा तूप हातास उपयोगी असले तरी ते डोळ्यात कदापि घालू नये. घरगुती औषधेही घालू नयेत. त्यानंतरही दुखणे, लाली किंवा अंधुक दिसणे राहिल्यास डॉक्टरांकडे न्यावे.

चिरण्याच्या रीती

मिरची जितकी अधिक मोडावी तितका तिचा तिखटपणा अन्नात अधिक उतरतो. सबंध मिरचीतील गाभा सालीच्या आड असतो. वाटलेल्या मिरचीतील गाभा सर्वत्र पसरतो. म्हणून त्याच दोन मिरच्यांनी एक भाजी सौम्य तर दुसरी जहाल होऊ शकते. पुढील पाच रीती सौम्याकडून तिखटाकडे जाणाऱ्या क्रमाने दिल्या आहेत.

(१) उभी चीर देणे : देठ तसाच ठेवून मिरचीच्या मध्यभागी एकच उभी चीर द्यावी, टोक व देठ जोडलेले राहू द्यावे. कढी, आमटी, मठ्ठा व फोडणीचे ताक यांस ही रीत योग्य. मिरचीचा स्वाद उतरतो, तिखटपणा बेताचा राहतो आणि मुलांच्या ताटात पडण्यापूर्वी मिरची देठास धरून काढून घेता येते.

(२) गाभा काढून चिरणे : देठाच्या टोपीखाली मिरची आडवी कापावी. उरलेली मिरची उभी दुभागून चमच्याच्या टोकाने पांढरा गाभा, शिरा व बिया वरून खाली खरवडून काढाव्यात. मग आतील बाजू वर ठेवून बारीक उभे काप करावेत. साल चिवट व गुळगुळीत असल्यामुळे ती वर ठेवल्यास सुरी घसरते. आतील बाजू वर ठेवल्यास काप नीट होतात. कोशिंबीर, पोहे, उपमा आणि मुलांचे व वृद्धांचे जेवण यांसाठी ही रीत उत्तम.

(३) तिरपे मोठे तुकडे : अर्ध्या बोटाएवढे तिरपे तुकडे पालेभाजीत अगर पिठल्यात घालावेत. तुकडे मोठे असल्याने ज्यास नको असेल तो ते बाजूस काढू शकतो.

(४) गोल चकत्या व बारीक चिरणे : तीन-चार मिरच्यांचे देठ काढून त्या शेजारी शेजारी धराव्यात आणि टोकाकडून आरंभ करून देठाकडे चिरत जावे. टोकाकडील चकत्या सौम्य असतात, देठाकडील तिखट. हव्या तितक्या झाल्यावर थांबता येते. भजी, थालीपीठ व वड्यांच्या पिठात अशी मिरची घालतात. पिठात मिरची अगदी बारीक असावी, म्हणजे एखाद्याच घासास सबंध तुकडा येत नाही.

(५) ठेचणे व वाटणे : ठेचा, खरडा व वाटण यांत गाभा पूर्णपणे मोडला जात असल्याने हा प्रकार सर्वांत तिखट होतो. मिरच्या तव्यावर थोड्या तेलात परतून लसूण व मीठ यांसह ठेचाव्यात. शेंगदाण्याचे कूट घातल्यास त्यातील स्निग्धांशामुळे तिखटपणा बोथट होतो. ओला ठेचा एक-दोन दिवसांत संपवावा. तो तेलाखाली बुडवून घरातच बरेच दिवस ठेवण्याची रीत धोक्याची आहे. लसूण व मिरची यांत पुरेसा आंबटपणा नसतो आणि तेलाखाली हवा पोचत नाही, अशा जागी प्राणघातक विष निर्माण करणारे जंतू वाढू शकतात.

तळणे व भाजणे

सबंध मिरची कधीही तशीच गरम तेलात टाकू नये. आतील हवा व पाण्याची वाफ फुगून मिरची फुटते आणि उकळते तेल चेहऱ्यावर उडते. प्रत्येक मिरचीस चीर द्यावी किंवा सुईने दोन-तीन ठिकाणी टोचावे. मिरची भाजताना अगर फोडणीत घालताना तेल धुराइतके तापवू नये. अति तापलेल्या तेलातून किंवा तव्यावरून तिखटाचे कण हवेत मिसळतात व घरात सर्वांस ठसका लागतो. दमा असणाऱ्यास, म्हाताऱ्या माणसांस व तान्ह्या मुलांस हा ठसका विशेष बाधतो. म्हणून मंद आच, उघडी खिडकी आणि भांड्यावर झाकण या तीन गोष्टी सांभाळाव्यात.

आहारातील स्थान

ताज्या हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असते. हंगेरीतील सेगेद येथे आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या काही वर्षांत हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे काढले, ते तेथील मिरचीपासूनच. त्यास १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दर १०० ग्रॅम हिरव्या मिरचीत सुमारे १०० मिलिग्रॅम एवढे हे जीवनसत्त्व असते. परंतु एका वेळी माणूस १०० ग्रॅम मिरची खात नाही. एकदोन मिरच्या खातो. तेव्हा मिरची खाल्ली म्हणजे फळे व पालेभाज्यांची गरज उरत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. पेरू, आवळा व लिंबू यांची जागा मिरची घेऊ शकत नाही. शिवाय हे जीवनसत्त्व उष्णतेने, उन्हाने व कापून उघडे ठेवल्याने कमी होते. म्हणून कोशिंबिरीतील मिरची जेवणापूर्वी थोडा वेळच आधी चिरावी.

भरून वाळविलेली मिरची

उन्हाळ्यात मिरचीची आवक वाढून भाव इतका उतरतो की कधीकधी तोडणीची मजुरीही सुटत नाही. अशा वेळी घरापुरती आणि गटामार्फत विक्रीपुरती मिरची भरून वाळविणे हा जुना व चांगला उपाय आहे. ही सांडगी मिरची तळून भात, खिचडी व दहीभात यांबरोबर खातात. ताज्या मिरचीच्या वजनात दहा भागांपैकी आठ ते नऊ भाग पाणी असते. ते काढून टाकले आणि मीठ घातले म्हणजे माल वर्षभर टिकतो, हे या कृतीचे मर्म होय.

एक किलो मिरचीस पुढील प्रमाण घ्यावे :
धने १०० ग्रॅम, मेथी २५ ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम, हळद १० ग्रॅम, हिंग ५ ग्रॅम, आंबट दही १०० ग्रॅम.

कृती : धने व मेथी मंद आचेवर निरनिराळे भाजावेत. मेथी करपू देऊ नये, करपल्यास सबंध मसाला कडू होतो. गार झाल्यावर दोन्ही जाडसर कुटून त्यात मीठ, हळद व हिंग मिसळावा आणि दह्याने मसाला ओलसर करावा. मुठीत दाबला असता गोळा व्हावा, परंतु पाणी सुटू नये, इतकाच ओलावा असावा.

मिरच्या धुऊन, पूर्ण पुसून एक तास सावलीत पसरून ठेवाव्यात. देठाचे टोक थोडे कापावे. टोपी काढू नये. देठाखाली एक सेंटिमीटर सोडून टोकाच्या एक सेंटिमीटर आधीपर्यंत एकाच बाजूस उभी चीर द्यावी. दोन्ही टोके जोडलेली राहिल्यामुळे मसाला सांडत नाही. मिरची दोन्ही टोकांकडून किंचित दाबली म्हणजे चीर उघडते. बांबूच्या पातळ काडीने किंवा चमच्याच्या दांड्याने गाभा सैल करून काढावा. तिखट माल हवा असल्यास गाभा अर्धा ठेवावा. काढलेला गाभा टाकून देण्याचे कारण नाही. तो निराळा वाळवून फोडणीत चिमूटभर वापरता येतो. मसाला काडीने आत सारून चीर बोटांनी मिटवावी. फार ठासून भरू नये. ठासलेल्या मिरचीच्या पोटातील ओल लवकर वाळत नाही.

भरलेल्या मिरच्या परातीत एकाच थरात ठेवून वर फडके बांधावे व एक रात्र मुरू द्याव्यात. दुसऱ्या दिवसापासून कडक उन्हात स्वच्छ कापडावर किंवा जाळीच्या चौकटीवर वाळत घालाव्यात. चौकट जमिनीपासून हातभर उंच असल्यास खालूनही हवा लागते आणि धूळ, कोंबड्या व कुत्री यांपासून माल वाचतो. वर पातळ मलमल पसरावी, म्हणजे माश्या बसत नाहीत. दिवसातून दोनदा मिरच्या परताव्यात आणि दव पडण्यापूर्वी संध्याकाळी घरात आणाव्यात. चांगल्या उन्हात चार ते सहा दिवसांत मिरची वाळते.

वाळल्याची परीक्षा सालीवर करू नये. साल लवकर कडक होते, परंतु देठाजवळचा जाड भाग आणि आतील मसाला ओला राहतो. म्हणून निरनिराळ्या जागच्या पाच-सहा मिरच्या देठाजवळ मोडून पाहाव्यात. सर्व मिरच्या कट्‌कन आवाज करून मोडल्या व मसाला बोटास चिकटला नाही, तरच माल तयार झाला असे समजावे.

बुरशीपासून सावधगिरी

अर्धवट वाळलेली मिरची डब्यात भरल्यास तिच्यावर बुरशी येते. काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करतात. ते यकृतास अपायकारक असून दीर्घकाळ पोटात गेल्यास कर्करोगास कारण होऊ शकते. बुरशी पुसली, मिरची पुन्हा उन्हात टाकली अगर तळली तरी हे विष नष्ट होत नाही. म्हणून बुरशी आलेली मिरची घरी खाऊ नये, विकू नये व जनावरांसही घालू नये. “तळली म्हणजे चालते” ही समजूत सोडली पाहिजे.

माल गार झाल्यावर पूर्ण कोरड्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत भरून घट्ट झाकण लावावे. बरणी जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून थोडी दूर ठेवावी. पावसाळा लागण्यापूर्वी एकदा माल उघडून पाहावा. मिरची वाकू लागली असेल तर तिला एक-दोन कडक उन्हे द्यावीत. बरणीत ओला चमचा अगर ओला हात घालू नये.

गट किंवा कुटुंब हा माल विकणार असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी अथवा परवाना घेणे आवश्यक आहे. वेष्टनावर पदार्थाचे नाव, घटक, वजन, तयार केल्याची तारीख व उत्पादकाचा पत्ता छापावा. पहिल्या वर्षी थोडाच माल करावा आणि ग्राहकाची पसंती पाहून पुढे वाढवावा.

लिंबाच्या रसातील मिरची

आभाळ असेल व ऊन मिळत नसेल तर मिरची वाळविण्याचा हट्ट धरू नये. अशा वेळी ती लिंबाच्या रसात घालावी. कोरड्या मिरच्यांचे एक सेंटिमीटर लांबीचे तुकडे करून त्यांस मीठ चोळावे व तासभर ठेवावे. मग काचेच्या बरणीत भरून तुकडे पूर्ण बुडतील इतका लिंबाचा रस ओतावा. तुकडे रसाच्या वर राहिल्यास तेवढ्यावर बुरशी येते, म्हणून बरणी रोज हलवावी. आवडीप्रमाणे मोहरीची पूड घालावी. आठ-दहा दिवसांत मिरची मुरते.

प्रात्यक्षिक कसे दाखवावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय व्याख्यानाने न सांगता महिला बचत गटाच्या बैठकीत करून दाखवावा. त्यास अर्धा किलो मिरची, दोन सुऱ्या, एक फळी, थोडे तेल, साबण व वाटीभर दही एवढेच साहित्य लागते. प्रथम एक मिरची उभी दुभागून गाभा, शिरा, बिया व साल ही निरनिराळी ठेवावीत. ज्यांची इच्छा असेल त्यांनी टोकाकडील सालीचा लहान तुकडा व नंतर गाभ्याचा टाचणीच्या डोक्याएवढा कण चाखावा. फरक लगेच कळतो आणि बियांविषयीची समजूत आपोआप दूर होते. मग एकीने हातास तेल लावून व दुसरीने न लावता प्रत्येकी दहा मिरच्या चिराव्यात आणि दोघींनी हातांची स्थिती पुढच्या बैठकीत सांगावी. तिसऱ्या टप्प्यात भरण्याची चीर व वाळल्याची परीक्षा दाखवावी. त्यासाठी एक पूर्ण वाळलेली व एक अर्धवट वाळलेली मिरची बरोबर न्यावी.

पुरुषांनाही या बैठकीस बोलवावे. औषधाचा प्रतीक्षा काळ पाळणे आणि तोडणीस योग्य वेळ निवडणे हे निर्णय बहुधा त्यांच्या हाती असतात, आणि त्यांचे बरेवाईट परिणाम मात्र स्वयंपाकघरात भोगावे लागतात. जे घर मिरची पिकविते, त्या घरातील स्त्रीचे हात मिरचीने पोळू नयेत आणि तेथील मुलांच्या ताटातील घास त्यांस सुखाने खाता यावा, एवढी व्यवस्था थोड्या तेलाने, एका धारदार सुरीने आणि माहितीने होऊ शकते. तीसाठी वेगळा खर्च लागत नाही. लागते ती सवय, आणि ती पुढच्या तोड्यापासूनच लावून घेता येईल.